फोटोत सोडलेली जागा

लग्नसराई तोंडावर आली होती आणि प्रफुलला लोकांच्या घरच्या भिंती मागे ढकलता येत नव्हत्या, म्हणून तो नागपूरला जाऊन एक लेन्स घेऊन आला. काम एवढंच होतं. त्यात भ्यायसारखं काही नव्हतं.

आता भिंतीचा आणि लेन्सचा संबंध काय, तेही सांगायला हवं. सेलूच्या बसस्टँडच्या अंगाला प्रफुलचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे घर. साल दोन हजार आठ. रोलचा जमाना सरला होता आणि प्रफुलनेही डिजिटल कॅमेरा धरला होता. पण त्याच्या बेताच्या कॅमेऱ्यातला सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान. जुनी लेन्स लावली की चित्राच्या चारी कडा छाटल्या जायच्या. खेड्यातल्या घराची ओसरी असते खाटेएवढी, आणि फोटोत यायचं असतं आत्याबाईच्या नणदेपर्यंत सगळ्यांना. प्रफुल बिचारा मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचा, नाहीतर थेट गोठ्यात जायचा. एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तर तो मागे सरकता सरकता पाण्याच्या टाक्यात बसला, आणि नवरीच्या मामाने "आता याचाच फोटो काढा रे" म्हणून सगळं गाव गोळा केलं.

दुसरं दुखणं विजेच्या लाइनीचं. ऐन कार्याच्या वेळी लाइन जायची. फ्लॅश मारला तर पुढची तोंडं चुना फासल्यासारखी आणि मागची माणसं काळोखात. म्हणून त्याला अशी लेन्स हवी होती, जी चार हातांवरूनही सगळं घर कवेत घेईल आणि अंधुक उजेडातही डोळा मोठा उघडेल. अकरा ते सोळा मिलिमीटरची, दोन पॉइंट आठपर्यंत डोळा उघडणारी, लहान सेन्सरसाठीच केलेली. नवी परवडणारी नव्हती. सीताबर्डीच्या मागल्या गल्लीत जुन्या मालाच्या दुकानात ती एकदाची सापडली.

"दो-चार दिन चला के देखो," दुकानदार ओमप्रकाश म्हणाला. "जमी तो रखो, नहीं तो वापस."

"किसकी थी?"

"था एक फोटोग्राफर. अब नहीं करता."

प्रफुलने पुढे विचारलं नाही. धंदा सोडणारे त्या काळात गल्लोगल्ली होते.

घरी आल्यावर त्याने तिची परीक्षा घ्यायला घेतली. या कामात तो पक्का चिकट माणूस. भिंतीला वर्तमानपत्राची पानं चिकटवली, तिपाईवर कॅमेरा ठेवला आणि डोळा पूर्ण उघडा ठेवून, मग एकेक घर मिटत, फोटो काढले. पूर्ण उघडी असताना कोपऱ्यातली अक्षरं जराशी पुसट यायची, थोडी मिटली की सुईसारखी साफ. उन्हात टिनाच्या कडेला जांभळी किनार दिसायची. सूर्य समोर आला की चित्रात उजेडाचे ठिपके पडायचे. आणि रुंद लेन्सची खोड ती होतीच, कडेला उभा असलेला माणूस ताणला जाऊन जाडा व्हायचा. पण मधला भाग असा लख्ख, की प्रफुलने तिथल्या तिथे मनाशी म्हटलं, ही आपली.

त्याची आई यशोदाबाई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती.

"पेपरचे फोटो काहाडून राह्यला, घरच्यायचा एक तरी काहाड," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून आपला एक फोटो नाई."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभरच्या भिंतींवर प्रफुलने काढलेले फोटो होते, आणि त्याच्या घरी सगळे मिळून असलेला एकही नव्हता. असले तरी त्यात तो नसायचा. काढणारा तोच ना.

बाबांचं म्हणाल तर ते दोन वर्षांपूर्वी लुनावर पवनारला गेले होते. पुलाच्या अलीकडे ट्रकने उडवलं. त्या दिवसापासून प्रफुलला एक खोड जडली. दिवेलागणीला घरची सगळी माणसं उंबऱ्याच्या आत दिसेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आई, बायको प्रेरणा, आणि धाकटा भाऊ स्वप्निल. पहिल्या दोघी घरातच असायच्या. घोर असायचा तो स्वप्निलचा, कारण तो वर्ध्याहून जामच्या चौकापर्यंत काळीपिवळी जीप चालवायचा. तो यायला जरा उशीर झाला की प्रफुल दुकानाच्या पायरीवर येऊन उभा. प्रेरणा हसायची. म्हणायची, "तुमाले कोंबड्या पाळाले पाह्यजे होत्या, सांजच्याला मोजून टोपल्याखाली डालाले." तोही हसायचा, पण नजर रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी हिंगणीला काम होतं. बोर धरणाच्या जंगलात वनमजुरी करणाऱ्या जंगलूच्या मुलीचं, रक्षाचं साक्षगंध. घर लहान, माणसं फार. नव्या लेन्सची खरी परीक्षा.

प्रफुल ओसरीत शिरला तेव्हा जंगलूची बायको धुरपता त्याची वाटच पाहत होती. तिचा मुलगा दुर्गेश गेल्या पावसाळ्यात मासे धरायला गेला आणि धरणाच्या पाण्यात राहिला.

"फोटोवाले भाऊ, माह्या दुर्गेशलेबी घ्याल न?"

"घेतो न माय. तुमच्या बाजूले एका मानसाची जागा सोडा फक्त."

ही प्रफुलची खासियत. घरातलं माणूस गेलेलं असलं तरी कार्याच्या फोटोत ते हवं असायचं. पूर्वी लोक गेलेल्याची तसबीर हातात धरून बसायचे. आता फोटो काढतानाच मधे जागा सोडायची, आणि मागाहून कॉम्प्युटरवर त्या जागेत त्याला आणून उभं करायचं. हे काम तालुक्यात बरेच जण करायचे, पण त्यांची माणसं हवेत लोंबायची. प्रफुल सावली पाडायचा. इतरांची सावली कुठल्या बाजूला, किती लांब, ते पाहून तो गेलेल्या माणसाच्या पायाशी तशीच सावली हाताने रंगवायचा. "तोंड कोनीबी चिपकवते," तो म्हणायचा, "मानूस भुईवर उभा राह्यला पाह्यजे."

सगळे उभे राहिले आणि नेमकी लाइन गेली. एका दाराचा काय तो उजेड. प्रफुलने आधी तुलना करायला म्हणून जुन्या लेन्सने दोन फोटो काढले. दोन्ही कडांची माणसं कापली गेली. मग नवी चढवली. आणि काय सांगावं, मागे न सरकता सगळं घर आत. नवरदेवाकडचे, नवरीकडचे, खांबाला धरून उभी पोरं, सगळी. मधे धुरपता आणि जंगलू, आणि दोघांच्या मधे एका माणसाची रिकामी जागा. धुरपताचा हात त्या जागेत जरा वर उचललेला होता, पोराचं मनगट धरावं तसा. प्रफुलला गलबलून आलं. भराभर फोटो काढून मोकळा झाला.

संध्याकाळी दुकानात बसून त्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडले. लेन्स पास झाली होती, पहिल्या नंबरात. मग तो दुर्गेशच्या कामाला लागला. धुरपताने पोराचा ओळखपत्राचा फोटो दिला होता, तो त्याने नीट कापून घेतला, दुसऱ्या एका तरुणाच्या धडावर बसवला, मधल्या जागेत आणला. आता सावली रंगवायची म्हणून त्याने जमिनीचा भाग मोठा करून पाहिला.

सावली तिथे आधीच होती.

सारवलेल्या भुईवर, रिकाम्या जागेच्या पायथ्यापासून निघून, इतरांच्या सावल्यांच्याच बाजूला, तितकीच लांब. तिचा एक कोपर बाहेर आलेला. कमरेवर हात ठेवून कुणीतरी उभं असल्यासारखी.

प्रफुल आधी हसला. दारात कोणी उभं असेल, म्हणाला. पण दारातल्याची सावली सगळ्यांच्या पायांवरून आली असती, दोघांच्या मधून सुरू झाली नसती. मग म्हणाला, लेन्समधलं प्रतिबिंब असेल, उजेडाचे ठिपके पडतात तसलं काही. त्याने बाकीचे फोटो उघडले. नव्या लेन्सच्या प्रत्येक फोटोत ती होती. जुन्या लेन्सच्या दोन्ही फोटोंत मधली भुई कोरी. तीच जागा, तीच माणसं, तोच उजेड. त्याने खुर्ची मागे सरकवली. घराकडचं दार उघडून प्रेरणाला उगाचच हाक मारली, आणि ती "काय जी?" म्हणाली तेव्हा "काई नाई" म्हणून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपता सेलूला आली ती दुकानावरच आली. फोटो झाला का म्हणून. प्रफुलला तिला तो दाखवायचा नव्हता. पण ती पडद्यासमोर येऊन उभीच राहिली. प्रफुलने चिकटवलेला चेहरा काढून ठेवला होता, त्यामुळे मधली जागा रिकामीच होती. धुरपताने चेहऱ्यांकडे पाहिलं नाही. तिची नजर सरळ भुईवर गेली.

"असाच उभा राहे," ती हळूच म्हणाली. "कमरेवर हात ठिवून. किती बोलू मी त्याले, पाटलावानी काऊन उभा राह्यतं म्हनून…"

प्रफुलने घाईघाईने माउस पुढे ओढला.

"माय, ते… ते उजेडानं तसं आलं असन. मी पुसून देतो. चेहरा लावून देतो साजरा."

"नोको." तिने डोळे पुसले. "चेहरा नोको लावू, भाऊ. असाच दे."

ती गेली तेव्हा तिच्या तोंडावर समाधान होतं. भीती सगळी प्रफुलच्या वाट्याला ठेवून गेली. ती पोराची आई होती, तिला पोरगा मिळाला. प्रफुलला मात्र ती लेन्स हातात घ्यावीशी वाटेना. उद्या उठून नागपूरला जायचं आणि परत करून यायचं, त्याने ठरवलं. लग्नसराई जुन्या लेन्सवर काढू, पुन्हा टाक्यात पडलो तरी चालेल.

ते त्याने केलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चिकट माणसाचं असंच असतं. सांज झाली, लाइन गेली, आणि त्याच्या मनात आलं, परत करायची ती दोष सांगून करावी. दोष लेन्सचा, की त्या घराचा, की आपल्या डोळ्यांचा? आपल्या घरी जागा सोडायचा प्रश्नच नाही. एक फोटो काढून पाहू. काही नाही निघालं तर आपलीच मान मोकळी होईल.

"आई, फोटो पाह्यजे म्हने न तुले? प्रेरणाले बोलाव."

यशोदाबाई खूश झाली. नवं लुगडं नेसते म्हणाली, त्याने तेवढं करू दिलं नाही. मागच्या खोलीत भिंतीला लावून दोघींना उभं केलं. चार्जिंगचा दिवा आपल्या पुढे स्टुलावर ठेवला आणि कॅमेरा हातात धरला.

"लागून उभ्या राहा."

"लागूनच तं हाओ," प्रेरणा म्हणाली. तिने सासूच्या खांद्यावर हात टाकला होता. दोघींच्या मधे वारा जायलाही जागा नव्हती. प्रफुलने बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात पाहिलं.

दोघींच्या मधे एका माणसाची जागा होती.

प्रेरणाचा हात होता तसाच उचललेला होता, पण कुणाच्याच खांद्यावर नव्हता. तो रिकाम्या जागेवर होता. आई पलीकडे, अंग जरा चोरून. मधे नुसती भिंत, पोपडे आलेली.

"साजरा आला का?" यशोदाबाईने विचारलं.

"थांबा… आणखीन एक…"

त्याने लेन्स अकरावरून सोळावर आणली. जागा तेवढीच. पूर्ण उघडून काढला, मिटून काढला. जागा तेवढीच. लेन्स ताणते कडांना, मधे नाही, हे त्याला पाठ होतं. तरी त्याने दोघींना बाजूला करून दोन खुर्च्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि त्यांचा फोटो काढला. खुर्च्या फोटोतही चिकटलेल्याच होत्या. म्हणजे लेन्स खुर्च्यांशी खोटं बोलत नव्हती.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. घरात नसलेलं माणूस एकच होतं. स्वप्निल.

त्याने खिशातून मोबाइल काढून नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"स्वप्निलचा फोन आलता का?" त्याने आवाज जमेल तितका साधा ठेवत विचारलं.

"कायले येईन? येईनच न आता," आई म्हणाली. "तुले काय झालं? घाम काऊन आला इतका?"

"गरम होऊन राह्यलं."

मन चिंती ते वैरी न चिंती. प्रफुल दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. रस्त्यावर अंधार, फक्त येणाऱ्या गाड्यांचे दिवे. प्रत्येक गाडी त्याला स्वप्निलची वाटायची आणि धूळ उडवत पुढे निघून जायची. बाबांच्या वेळी तो असाच इथे उभा होता. तेव्हा दिव्यांच्या मागून पोलिसांची मोटारसायकल आली होती. त्याला वाटलं, ती लेन्स आता दगडावर आपटावी. पण मग असंही वाटलं, की आपटली आणि त्यामुळेच काही झालं तर? देवाला तो सहसा त्रास देत नसे, पण त्या पायरीवर त्याने सगळ्या देवांना एकदम हाका मारल्या. माह्यं काय व्हाचं ते होवो, पण त्याले घरी येऊ दे. असं त्याने स्पष्ट, तोंडाने म्हटलं.

थोड्याच वेळात एक काळीपिवळी येऊन समोर थांबली आणि स्वप्निल उतरला. हात ग्रीसने काळे, तोंडावर वैताग.

प्रफुलने पायरी उतरून त्याला मिठीच मारली.

"अरे, काय झालं बे दादा? सोड न, कपडे खराब होईन तुहे!" स्वप्निल कावराबावरा झाला. "जामच्या चौकात टायर फुटला. मोबाइलचीबी बॅटरी गेलती. काऊन रडून राह्यला?"

"कुठी रडतो," प्रफुल म्हणाला आणि नाक पुसलं. त्याला इतकं हलकं वाटत होतं की पाय भुईला लागत नव्हते. आई आतून ओरडली, आला का एकदाचा, आता तरी जेवा. प्रेरणा हसली. चुलीवरच्या भाकरीचा वास आला. सगळी माणसं उंबऱ्याच्या आत होती.

आता थांबायचं होतं. पण सुटकेच्या भरात माणूस हात दाखवून अवलक्षण करून घेतो. आता जागा भरली, आता एकदा बघून घेऊ आणि विषय संपवू, असं त्याला वाटलं.

"स्वप्निल, हात धू अन् मधात उभा राह्य. एकच काहाडतो."

आई, स्वप्निल, प्रेरणा. तिघं भिंतीला, खांद्याला खांदा. दिवा तिथेच, प्रफुलच्या पुढे. स्वप्निल वहिनीला म्हणाला, जरा सरका, फोटोत मी जाडा दिसतो. सगळे हसले. त्या हसण्यातच प्रफुलने बटण दाबलं. तिघांच्या तोंडावर उजेड छान पडला होता, हात हलला नव्हता, लेन्सने एवढ्याशा उजेडात काम साफ केलं होतं. त्याने पडद्यात पाहिलं.

स्वप्निल होता. आई होती. आणि स्वप्निल आणि प्रेरणा यांच्या मधे, प्रेरणाच्या अंगाशी, एका माणसाची जागा होती.

त्या जागेच्या मागे, भिंतीवर, सावली होती. तिचे दोन्ही कोपर बाहेर आलेले आणि दोन्ही हात तोंडाशी. कॅमेरा डोळ्याला लावून कुणी उभं राहतं तशी.

प्रफुलने स्वतःला समजावलं, ही तर आपलीच सावली. फोटो काढताना पडली. मग त्याने दिव्याकडे पाहिलं. दिवा त्याच्या पुढे होता. त्याची सावली समोरच्या भिंतीवर पडूच शकत नव्हती.

घरची माणसं त्याने पुन्हा मोजली. दोन वर्षं तो रोज मोजत होता, आणि रोज स्वतःला धरायचं विसरत होता.

"दाखव न," स्वप्निल पुढे आला.

"हालला… बरोबर नाई आला." त्याने पडदा पोटाशी दाबून धरला.

"मंग आणखीन एक काहाड," यशोदाबाई म्हणाली. "अन् आता तूबी ये. टायमर लागते न त्याले? सगळे हाओ आज."

"उद्या, आई."

"उद्या उद्या करत बाबा गेले."

"उद्या म्हटलं न!" तो एवढ्या जोरात ओरडला की प्रेरणाचा चेहरा पडला. त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "भाकरी टाका, मी हे ठेवून येतो."

तो दुकानात गेला. मेणबत्ती लावली. लेन्स उतरवली, दोन्ही टोकांना झाकणं घातली, पेटीत ठेवली, पेटीला चिकटपट्टी गुंडाळली, आणि पेटी कपाटात टाकून कुलूप लावलं. कार्डातले सगळे फोटो पुसले. नागपूरला आपण स्वतः जायचं नाही, त्याने ठरवलं. रस्त्यावर पायच ठेवायचा नाही. ओमप्रकाशला फोन करायचा, तुझं माणूस पाठव म्हणायचं. काही दिवस घरातच राहायचं. घरात काय होतंय?

मागच्या घरातून ताटांचा आवाज येत होता. आईचं बोलणं, मधेच स्वप्निलचं हसणं. मग प्रेरणाही हसली, रुसवा निघाल्यावर हसायची तशी. ते ऐकून त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं. त्याने मेणबत्ती हातात घेतली आणि मधलं दार उघडलं.

स्वयंपाकघरात तिघं भुईवर बसली होती. प्रेरणा चुलीपाशी, हातावर भाकर थापत. समोर आई आणि स्वप्निल. दोघांच्या मधे एका माणसाची जागा होती आणि तिथे त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. यात विशेष काही नव्हतं. तो रोज तिथेच बसायचा.

तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला. ताटातली भाकर अर्धी मोडलेली होती. पिठल्यात बोटं फिरल्याच्या खुणा होत्या.

"आणखीन घे न पिठलं, लाजून काऊन राह्यला," आई त्या ताटाकडे वाटी सरकवत म्हणाली. मग मेणबत्तीचा उजेड अंगावर आला म्हणून तिने मान वर केली. तिला दारात प्रफुल दिसला. तिच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"तू…" तिचा आवाज एकदम खाली गेला. "आत्ताच तं बसला होता न तू जेवाले. उठून तिकडं कवा गेलता?"

प्रेरणाचा हात भाकरीवर थांबला. तिने दाराकडे पाहिलं, मग ताटाकडे. चुलीतलं लाकूड तडतडलं, तेवढाच आवाज. स्वप्निल खाली मान घालून जेवत होता, त्याने अजून वर पाहिलंच नव्हतं. तो अंग चोरून बसला होता, शेजारी कुणी खेटून बसलं की बसतो तसा.